गोष्ट संपल्यावर सुरू झालेला सीझन

दर तीन महिन्यांनी जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकांचा, नवा सीझन लागतो आणि मी त्याच्यासाठी वहीचं एक पान आखते. मालिकेचं नाव, स्टुडिओ, दिग्दर्शक, जपानमध्ये कोणत्या वारी लागते ते, आणि उजवीकडे एक रुंद रकाना. तिसरा भाग पाहून झाल्याशिवाय त्या रकान्यात काही लिहायचं नाही, हा माझा नियम. ऑक्टोबर २०२३ चं पान मात्र मार्च २०२४ पर्यंत उघडंच राहिलं. ‘फ्रीरेन’ २८ भाग चालली, माओमाओची ‘अ‍ॅपोथेकरी डायरीज’ २४. दोन्ही दोन-दोन कूरच्या, म्हणजे तीन-तीन महिन्यांच्या दोन हप्त्यांच्या. २२ मार्चला फ्रीरेनचा शेवटचा भाग लागला आणि आता त्या सीझनबद्दल लिहायला मी मोकळी झाले. पुढे बऱ्याच मालिकांचे शेवट सांगितले आहेत, तेव्हा ज्यांना काही कळू न देता पाहायचं आहे त्यांनी आधी पाहून या.

हा सीझन मी एकटीने पाहिला नाही. धाकटा भाऊ फोनवर असतो. फोन स्पीकरवर टाकायचा, दोघांनी तोच भाग लावायचा, तो ‘तीन, दोन, एक’ म्हणतो आणि आम्ही एकदम प्ले दाबतो. भाग चालू असताना बोलायचं नाही. नंतर कितीही बोललं तरी चालतं.

फ्रीरेनची सुरुवातच वेगळी झाली. २९ सप्टेंबरला जपानमध्ये शुक्रवारी रात्री ज्या जागी एरवी चित्रपट दाखवतात, तिथे निप्पॉन टीव्हीने पहिले चार भाग दोन तास सलग दाखवले. नव्या मालिकेला त्या जागी बसवणं ही मोठीच गोष्ट होती. मला तो निर्णय फार योग्य वाटतो, कारण या गोष्टीचा पहिला भाग एकटा पाहिला तर तो शेवटच्या भागासारखा वाटतो. राक्षसांचा राजा आधीच मेलेला आहे. वीर हिमेल, धर्मगुरू हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ फ्रीरेन, असे चौघे दहा वर्षांची मोहीम संपवून परत येतात. उल्कावर्षाव बघतात. फ्रीरेन म्हणते, पन्नास वर्षांनी हा पुन्हा होईल तेव्हा मी तुम्हाला याहून चांगली जागा दाखवते, आणि निघून जाते. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा हिमेल टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा झालेला असतो. ते उल्का बघतात. थोड्याच दिवसांत हिमेल जातो. अंत्यविधीच्या वेळी फ्रीरेन आधी कोरड्या डोळ्यांनी उभी असते, लोक कुजबुजतात, आणि मग तिला एकदम रडू फुटतं. माणसं थोडीच वर्षं जगतात हे ठाऊक असूनही मी याला जाणून का घेतलं नाही, एवढंच ती म्हणते.

तो भाग संपल्यावर फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, ‘ताई, आजोबांबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे?’ आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायचे. तरुणपणी एकदा पुरात वाहून जाता जाता वाचले, पण कोणत्या नदीच्या ते दोघांनाही माहीत नाही. पत्राखाली सही करताना नावाखाली दोन रेघा मारायचे. असं करत करत अकरा गोष्टी झाल्या. त्यांच्या घरात आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, आणि अकरा. कार्टून म्हणून ज्याच्याकडे लोक अजून बघतात त्या गोष्टीने आमच्याकडून हे करून घेतलं, त्यामुळे या मालिकेबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही आणि मला तसं लिहायचंही नाही.

पहिल्या भागात गोष्ट संपून जाते, आणि त्यानंतर काय उरतं यावर पुढचे सत्तावीस भाग उभे आहेत. पडद्यावर काळ कसा मोजलाय पाहा: ‘वीर हिमेलच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी’, ‘हिमेलच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी’. या जगाचं पंचांगच एका माणसाच्या जाण्यापासून सुरू होतं. तोंडाने फ्रीरेन शोक करत नाही. ती निळ्या चांदणफुलाची जात शोधत महिनोन्महिने एकाच जागी राहते, कारण ते फूल हिमेलच्या गावचं होतं आणि कधीतरी तुला दाखवीन असं तो म्हणाला होता. वर्षाचा पहिला सूर्योदय बघायला ती पहाटे उठते, म्हणजे तिची शिष्या फर्न तिला उठवून ओढत नेते. मोहिमेच्या दहा वर्षांत तिने तो कधी पाहिला नव्हता, झोपून राहायची. सूर्य उगवल्यावरही तिला त्यात फार काही वाटत नाही. मग तिची नजर शेजारी हसणाऱ्या फर्नकडे जाते, आणि हिमेल तेव्हा काय म्हणत होता ते तिला तिथे कळतं. हे दृश्य मी चार वेळा पाहिलंय.

दिग्दर्शक केइचिरो साइतो. याच माणसाने आदल्या वर्षी ‘बोची द रॉक!’ केली होती, जिच्यात मुलीची भीती दाखवायला दर दोन मिनिटांनी चित्राची जातच बदलायची. मला वाटलं होतं, इथेही तो असं काही करून दाखवेल. त्याने हात आखडता घेतला. वारा, गवत, जाकिटाची कड, चमचा खाली ठेवतानाची बोटं. मॅडहाउसच्या चित्रकारांनी या लहान हालचालींवर जी मेहनत घेतली आहे ती मारामारीवर घेतलेल्या मेहनतीपेक्षा मला मोठी वाटते. एव्हन कॉलचं संगीत कुठे थांबायचं ते जाणतं. फ्रीरेन रडते तेव्हा सूर वर चढतात, पण पुढच्या भागांत तिच्या आठवणी येतात तेव्हा बरेचदा एकच वाद्य असतं, तेही दूर कुठेतरी वाजत असल्यासारखं.

ऑराचा प्रसंग सगळीकडे फिरला, त्याबद्दल एक तक्रार आहे. पाचशे वर्षांहून जास्त जगलेली राक्षसीण तराजूत स्वतःची जादूशक्ती तोलते, फ्रीरेनची जास्त भरते, आणि फ्रीरेन एका वाक्यात तिला स्वतःचा जीव घ्यायला लावते. लोकांनी तेवढं वाक्य उचललं. पण ते वाक्य येण्यासाठी फ्रीरेनने हजार वर्षं आपली शक्ती लपवून ठेवली आहे. चालताना, झोपताना, मित्रांबरोबर बसलेली असताना, एक क्षणही ढिलाई न करता. राक्षसांना आपली ताकद मिरवण्याचा अभिमान, आणि त्यांना फसवायला ही एक बाई आयुष्यभर स्वतःला लहान दाखवत राहिली. तिच्या गुरूने, फ्लामेने, तिला हे शिकवलं तेव्हा ती अगदी कोवळी होती. मला त्या प्रसंगात विजय दिसत नाही. दिसतं ते इतकं मोठं आयुष्य एका द्वेषाला कसं जुंपलं गेलं ते, आणि हिमेलबरोबरची दहा वर्षं तिला एवढी जड का जातात ते.

अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते. भावाला तो टप्पा सगळ्यात आवडला, मला नाही. इतकी नवी माणसं एकदम येतात की फ्रीरेन-फर्नसोबत फिरणारा तरुण योद्धा श्टार्क भागच्या भाग दिसत नाही, आणि मला श्टार्क हवा होता. तरी राजाच्या भूमिगत थडग्यात फ्रीरेन आपल्याच प्रतिकृतीशी लढते तो भाग पाहून मी भावाला फोनवर ‘तुझं खरं’ म्हणाले, तेही लिहायला हवं.

फ्रीरेनचा आवाज आत्सुमी तानेझाकीचा आहे. ‘स्पाय एक्स फॅमिली’तल्या आन्याचाही तिचाच, आणि त्या मालिकेचा दुसरा सीझन याच काळात चालू होता. म्हणजे शुक्रवारी रात्री अकराला ती हजार वर्षांची एल्फ आणि शनिवारी रात्री अकराला शाळेत तारे मिळवायला धडपडणारी पोरगी. फ्रीरेनला ती जवळजवळ सपाट आवाजात बोलते, आणि त्या सपाटपणात थकवा, कंटाळा, माया हे वेगवेगळं ऐकू येतं. ‘स्पाय एक्स फॅमिली’ या वेळी मला पहिल्या सीझनपेक्षा कमी भिडली. जहाजावरच्या भागांत योरला, आन्याच्या मानलेल्या आईला, अखेर तिचं मारेकऱ्याचं काम करायला मिळालं, तेवढं छान.

आता पानावरच्या स्टुडिओच्या रकान्याकडे. फ्रीरेन मॅडहाउसची. ‘जुजुत्सु काइसेन’ माप्पाची. आणि २६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर आलेली आठ भागांची ‘प्लूटो’ एम टू नावाच्या स्टुडिओची. या तिघांच्या मागे एकच माणूस आहे: मासाओ मारुयामा. चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनमधून बाहेर पडून १९७२ मध्ये इतरांबरोबर मॅडहाउस, २०११ मध्ये माप्पा, २०१६ मध्ये एम टू. माप्पाच्या नावातला पहिला ‘म’ मारुयामांचाच. आणि ‘प्लूटो’ ही नाओकी उरासावांची कलाकृती तेझुकांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधल्या एका कथेवर बेतलेली. १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर अ‍ॅस्ट्रो बॉय आला त्या परंपरेतून आलेला माणूस ऐंशी ओलांडल्यावर त्याच गोष्टीकडे परत जातो, आणि त्याच शरदात त्याने लावलेल्या आधीच्या दोन झाडांनाही फळं येतात. हे तीन रकाने शेजारी-शेजारी लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

‘प्लूटो’ टीव्हीवरची साप्ताहिक मालिका नाही, म्हणून ती माझ्या पानावर बसते का यावर भाऊ वाद घालतो. मी ती ठेवलीच, पहिल्या भागासाठी. नॉर्थ नंबर टू हा युद्धात हजारो यंत्रमानव मारून आलेला यंत्रमानव स्कॉटलंडमधल्या एका अंध, चिडखोर संगीतकाराकडे नोकर म्हणून राहतो. त्याला पियानो शिकायचा आहे. म्हातारा त्याला झिडकारतो, यंत्राला संगीत कसलं कळणार म्हणतो. पुन्हा रणांगणावर जायचं नाही म्हणून मला वाजवायला शिकायचंय, असं नॉर्थ सांगतो तेव्हा त्याच्या झग्याखाली नुसती शस्त्रं आहेत हे आपल्याला माहीत असतं. शेवटी तो आकाशात लढायला जातो, आणि खाली म्हाताऱ्याला वरून फक्त गाणं ऐकू येतं. तासाभराच्या भागात एक आख्खा चित्रपट. इथेही मोहीम, युद्ध, पराक्रम सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. गोष्ट उरलेल्यांची आहे.

‘जुजुत्सु काइसेन’बद्दल लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण ती भावाची मालिका आहे. टोकियोतल्या शिबुयात घडणारे भाग ऑगस्टअखेरीस सुरू होऊन २८ डिसेंबरला संपले. शोता गोशोझोनोंच्या दिग्दर्शनात काही ठिकाणी चित्र अक्षरशः फाटतं, रेघा विस्कटतात, कॅमेरा इमारतींमधून पडत जातो. सतराव्या भागात नायक इतादोरीच्या शरीरात वसलेला दुष्ट सुकुना महोरागा नावाच्या अक्राळविक्राळ जिवाशी लढताना शिबुया उद्ध्वस्त करतो, आणि इतादोरी शुद्धीवर येऊन आपल्याच हातांनी काय झालं ते बघतो. पुढच्याच आठवड्यात नानामी, इतादोरीचा वडीलधारा सहकारी. अर्धं अंग जळालेला नानामी मलेशियातल्या कुआंतानच्या किनाऱ्यावर घर बांधायचं, साठवून ठेवलेली पुस्तकं एकेक करून वाचायची, असा विचार करत रक्ताळलेल्या स्टेशनातून चालत राहतो. केन्जिरो त्सुदाचा आवाज त्या समुद्राबद्दल बोलताना इतका हलका होतो की भावाने बोलायचं नाही हा नियम मोडला. ‘नको,’ एवढंच म्हणाला.

नानामी हा कामाची वेळ संपली की घरी जाऊ इच्छिणारा माणूस. जादा काम त्याला आवडत नाही, आणि त्या जादा वेळातच त्याची ताकद वाढते, असं त्याने स्वतःला बांधून घेतलेलं. त्या शरदात ही मालिका काढणाऱ्या काही अ‍ॅनिमेटरांनी वेळ पुरत नाही हे समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं. ते वाचल्यानंतर मला तो किनारा पुन्हा बघवला नाही. मालिका भव्य आहे हे मी मान्य करते. पण एखाद्या चौकटीत शाई नीट सुकायच्या आत पुढची आली आहे असं दिसतं तेव्हा त्या चौकटीमागचा माणूस किती वेळ झोपला असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. भावाचं म्हणणं, त्यांनी एवढं देऊन केलंय तर आपण नीट पाहायला हवं. आमचं यावर एकमत झालेलं नाही. मला भाग उशिरा आलेला चालेल. चार आठवडे नाही आला तरी चालेल.

‘ओव्हरटेक!’ फार कमी लोकांनी पाहिली, म्हणून तिच्यासाठी जरा थांबते. ट्रॉयका स्टुडिओ, दिग्दर्शक एइ आओकी, मूळ कथा, म्हणजे मागे मांगा (जपानी चित्रकथा) नाही. फॉर्म्युला फोरच्या शर्यती, एक छोटं गॅरेज, हारुका नावाचा शाळकरी चालक. आणि माडोका, एक छायाचित्रकार, ज्याला माणसांचे फोटो काढता येत नाहीत. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्याने टिपलेल्या एका फोटोनंतर त्याचा हात माणसासमोर थांबतो. पहिल्याच भागात शर्यत हरून रडणाऱ्या हारुकाला तो पाहतो आणि कित्येक वर्षांनी त्याचं बोट शटरवर दाबलं जातं. गाड्या संगणकावर केलेल्या आहेत, थोड्या गुळगुळीत दिसतात, पण वळणावर टायर ओरडतात तेव्हा पोटात गोळा येतो. मला भिडलं ते हे की मालिका माडोकाला चटकन माफ करत नाही आणि दोषीही ठरवत नाही. तो त्या किनाऱ्याच्या गावी परत जातो, तिथल्या माणसांना भेटतो, ती त्याच्याशी बोलतात. बारा भागांत एवढं सावकाश चालणं सोपं नसतं.

‘मिगी आणि दाली’: जुळे भाऊ एकच मुलगा असल्याचं भासवून एका जोडप्याकडे दत्तक जातात. जेवणाच्या टेबलाखालून जागा बदलतात. आधी हसू येतं, मग कळतं की ते आईच्या खुन्याला शोधताहेत. लेखिका नामी सानो यांचं मालिका सुरू होण्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झालं. मांगा त्यांनी पूर्ण केला होता. तेरावा भाग संपल्यावर त्यांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी ते संपेपर्यंत थांबले.

‘अटॅक ऑन टायटन’ही याच काळात संपली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ८५ मिनिटांच्या एका भागात. २०१३ पासून चाललेली मालिका. तिच्यावर वेगळं लिहीन.

माओमाओ राहिली. तिला मी फ्रीरेनच्या खालोखाल ठेवते, आणि काही दिवशी वरही. प्राचीन चीनसारखा दिसणारा काल्पनिक देश, राजवाड्याचं अंतःपुर, आणि पळवून आणून तिथे विकलेली औषधवाल्याची मुलगी. तान्ही बाळं का दगावताहेत हे तिला कळतं: तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत शिसं आहे. गोष्ट कल्पित असली तरी हे विष खरं आहे, जपानमध्ये काबुकीच्या नटांनाही अशा पावडरीने बाधा व्हायची. चौथ्या भागात राणी लिहुआ मरणपंथाला लागलेली, आणि एक दासी तिला तीच पावडर लावत राहते, कारण त्याने बाईसाहेब सुंदर दिसतात. एरवी थंड असणारी माओमाओ तिच्या थोबाडीत देते आणि तीच पावडर तिच्या अंगावर ओतते. आओइ युकीचा आवाज त्या वेळी इतका खाली जातो की ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटते. माओमाओला माणसांपेक्षा विषं जास्त कळतात असं ती स्वतः समजते, आणि मालिका तिला हळूहळू खोटं पाडते. दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमांनी तिचा चेहरा कधी मांजरीसारखा गोलमटोल केलाय, कधी एकदम थिजवलाय.

तिची गोष्ट ‘नंतर’ची नाही, असं मी डिसेंबरमध्ये वहीत लिहिलं होतं. मार्चमध्ये ते खोडावं लागलं. शेवटच्या भागांत लाकान येतो, ज्याला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत, सगळे त्याला गो खेळाच्या सोंगट्यांसारखे दिसतात. एकाच स्त्रीचा चेहरा त्याला दिसला होता. तो परत आला तेव्हा सगळं हातातून गेलेलं होतं. वर्षानुवर्षांनी तो तिच्या वेश्यागृहात जातो, आणि कोणतीही एक निवड म्हटल्यावर मागच्या खोलीत रोगाने झिजलेल्या, कोणाला ओळखत नसलेल्या फेंगश्यानला निवडतो. त्याला ती अजून तशीच दिसते. त्या रात्री माओमाओ राजवाड्याच्या तटबंदीवर चढून नाचते. वेश्यागृहातून निघणाऱ्या बाईला असा निरोप द्यायची रीत असते, म्हणून. फेंगश्यान आपली आई आहे हे माओमाओने आधी कधी मायेने म्हटलेलं नाही, तेव्हाही म्हणत नाही.

तो भाग आणि फ्रीरेनचा शेवटचा, दोन्ही एकाच आठवड्याच्या शेवटी आले. फ्रीरेनच्या अठ्ठाविसाव्या भागात परीक्षेतली सगळी माणसं पांगतात. मिठ्या नाहीत, लांबलचक बोलणं नाही. फर्नला नवल वाटतं, इतक्या चटकन? हिमेल निरोप असाच घ्यायचा, फ्रीरेन सांगते: पुढे कधी पुन्हा भेट झाली तर आज रडल्याची लाज वाटेल. तिघं उत्तरेकडे चालू लागतात.

एरवी भाग संपला की आम्ही तासभर बोलतो. त्या रात्री भाऊ म्हणाला, ‘आजोबा कोणत्या नदीतून वाचले ते मी काकांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. आत्याला विचारतो म्हणालेत.’

‘बरं,’ मी म्हटलं.

‘ठेवतो, ताई.’

‘ठेव.’